बैलांना दिसेल असा हात

गोंदियात रस्ते सरकारने आणले, आगगाडी साहेबाने आणली, आणि सायकलवाल्याने वळताना हात काढायची पद्धत मी आणली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कोणाकोणाची नावं दगडावर कोरलेली आहेत. माझं कुठे नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. सायकलचं दुकान बंद करून मला बरीच वर्षं झाली. हाताला लागलेलं काळं वंगण मात्र अजून नखांच्या कडांतून जात नाही, आणि बढाई मारायची सवयही.

माझं दुकान फाटकाजवळ होतं. स्टेशनातून बाहेर पडून छोट्या लाईनीच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीच्या, कडेकडेने चालत आलं की डाव्या हाताला. गिऱ्हाईक म्हणजे राईस मिलचे मुनीम, पोस्टाचे शिपाई, रेल्वेतले बाबू, आणि खेडोपाडी जाऊन बिड्यांचे कट्टे तपासणारे बिडी कारखान्यांचे चेकर. गोष्ट स्वराज्याच्या आधीची, दुसरी मोठी लढाई पेटायच्याही आधीची. एकदा विलायतेहून आलेल्या सायकलींच्या खोक्यात एक छापील कागद निघाला. त्यावर एक साहेब सायकलवर बसून एक हात आडवा धरून होता. स्टेशनातल्या बुकिंग बाबूकडून मी मजकूर वाचून घेतला. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खांद्यासरळ बाहेर काढावा, म्हणजे बाकीचे समजतात आणि थांबतात. मला हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून पंक्चर काढायला येणाऱ्यालाही मी हा धडा दिल्याशिवाय सोडत नसे.

पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी कळली. आमच्याकडे कोणी हात लांब केला की लोक हाताकडे बघत नाहीत, हात जिकडे जातो तिकडे बघतात. एका चेकरने भर बाजारात हात काढला, तर मागचा टांगेवाला थांबला खरा, पण मान उजवीकडे वळवून विचारू लागला, "काय आहे जी तिकडं?" पाहता पाहता तिथे दहा-वीस माणसं जमली आणि सगळी मिळून एका रिकाम्या भिंतीकडे बघू लागली. चेकर मात्र वळून निघून गेला. मी म्हटलं, ठीक आहे, थांबले तर खरे.

माझ्या शिष्यांमध्ये सर्वांत हुशार यमुनाबाई. धर्मादाय दवाखान्याची नर्स, तिशीतली, नागपूरला शिकून आलेली, मूळची भंडाऱ्याकडची. दवाखान्याच्या कमिटीने तिला सायकल घेऊन दिली होती, कारण बाळंतपणाचं बोलावणं चार-पाच मैलांवरच्या खेड्यांतून यायचं आणि दिवेलागणीनंतर टांगेवाला शहराबाहेर पाऊल टाकत नसे. मिलच्या मागच्या पटांगणावर मीच तिला सायकल शिकवली. दोनदा पडली, तिसऱ्यांदा मला पाडलं, आणि मग चालवू लागली. तिला मी दिवाही चांगला दिला. तेलाचा मिणमिणता नको म्हणून कार्बाइडचा. त्याच्या खालच्या डबीत राखाडी खडे असतात, वरून पाणी थेंब थेंब पडतं, त्यातून गॅस निघतो आणि पांढरीफेक ज्योत लागते. वास असा की गिऱ्हाईक आलं हे नाकालाच आधी कळावं. पण उजेड! मी तिला अभिमानाने सांगितलं, "बाई, या दिव्यात तुम्ही कोसावरून दिसाल. आणि वळताना हात दाखवला की समोरचा थांबतोच."

दिवाळी झाली, हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान निघाला आणि मिलकडे जाणाऱ्या बैलबंड्यांची रांग सुरू झाली. त्या आठवड्यात संध्याकाळी यमुनाबाई कामठा गावाच्या बाजूला एका बाळंतपणाला निघाली होती. फाटकापुढे तिला उजवीकडे वळायचं होतं. समोरून धानाच्या बंड्या एकामागून एक येत होत्या. दोन बंड्यांच्या मध्ये जागा दिसली, तिने माझ्या शिकवणीप्रमाणे हात काढला आणि वळली. बंडी थांबली नाही. जुवाचं टोक हाताला लागलं, बाई सायकलसकट खाली आली आणि मनगट मोडलं. हे सगळं माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर झालं.

मी धावत गेलो. बंडीवाला डोमाजी धानाच्या पोत्यांवर उठून बसला होता आणि डोळे चोळत होता. लोक त्याच्यावर धावून गेले तेव्हा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी तं झोपून राहिलो होतो जी! बैलाईले रस्ता माहीत आहे. त्याईनं काही पाह्यलं असतं तं थांबले असते. मुके जनावर आहेत, त्याईले काऊन दोष देता?"

यमुनाबाईने जमिनीवर बसल्या बसल्याच मनगट दुसऱ्या हाताने धरून सांगितलं, "त्याले सोडा. आधी सायकल उचला, आणि कामठ्याच्या वाटेवर कोणाले तरी पाठवा. तिथं बाई अडून राहिली आहे." नर्स वेळेवर पोचली नाही. आई वाचली, मूल गेलं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. इथून पुढे मी थट्टा करीन, पण एवढं वाक्य थट्टेत बसत नाही.

त्या रात्री मी एक साधी गोष्ट करून पाहिली. सायकल भिंतीला टेकवून कार्बाइडचा दिवा लावला, बायकोला सायकलमागे हात आडवा धरून उभं राहायला सांगितलं आणि वीस पावलं समोर जाऊन पाहिलं. मला फक्त दिवा दिसला. बायको दिसली नाही, हातही नाही. झगझगीत दिव्याच्या मागे जे असतं ते डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे मी जितका चांगला दिवा विकला, तितका बाईचा हात काळोखात गेला. दिवा माझा, धडा माझा, हात तिचा. बायकोने तिकडून ओरडून विचारलं, "दिसला का?" मी अंधारात तो दिवाच बघत राहिलो. तिला वाटलं मी पळून गेलो.

दवाखान्याच्या कमिटीचे मुख्य एक मिलवाले सेठजी होते. मनाने वाईट नव्हते, पण एकदा निकाल दिला की दिला. मला बोलावून म्हणाले, "मिस्त्री, बाईजी का हाथ ठीक होने दो. नौकरी करेंगी, मगर अँधेरे में साइकिल बंद. मैं किसी की बेटी को सड़क पर नहीं मारूँगा."

यमुनाबाई तिथेच होती, हात गळ्यात बांधलेला. ती म्हणाली, "सेठजी, पोरं दिवस पाहून नाही येत जी. संध्याकाळी मी गेली नाही तं कोण जाईल?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, पट्टी सुटेपर्यंत मला मुदत द्या. हात अंधारात दिसेल असा करून दाखवतो. सेठजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिखेगा किसको? गाडीवान तो सोता है. बैल को दिखाना पड़ेगा." ते चिडून बोलले होते, पण मला प्रश्न नेमका समजला तो त्याच वाक्याने.

पहिला प्रयोग चुन्याचा. कोपरापर्यंत हाताला चुना फासून मी संध्याकाळी बाजारातून चक्कर मारली. हात कोणालाच दिसला नाही. दुकानाशी उतरलो तेव्हा मात्र सगळ्यांना दिसला, आणि तिघांनी मला घर रंगवायचा भाव विचारला. शिवाय कातडी अशी फुटली की दोन दिवस पाना धरता येईना. बाळंतिणीला हात लावणाऱ्या बाईला चुना फासायला सांगणं शक्यच नव्हतं.

दुसरा प्रयोग मोठा, आणि त्याची आठवण रेल्वेतली जुनी माणसं अजून काढतात. मी म्हटलं, हात दिसत नाही तर हातालाच दिवा बांधू. पत्र्याची छोटी डबी केली, आत तेलाची वात, पुढे लाल काच, आणि चामड्याच्या पट्ट्याने मनगटाला बांधली. छोट्या लाईनीच्या कडेच्या रस्त्याने निघालो. हात आडवा धरला. सुंदर दिसत असणार. पण पत्रा तापतो, हे रोज पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीच्या लक्षात यायला मनगट भाजावं लागलं. मी बोंब मारली आणि हात जोरजोरात झटकू लागलो. पट्टा काही सुटेना.

तेवढ्यात छोट्या लाईनीची गाडी येत होती. आता रेल्वेचा एक नियम आहे, तो तेव्हा मला ठाऊक नव्हता. अंधारात लाईनीजवळ कोणीही कुठलाही दिवा जोराने हलवला, तर ड्रायव्हरने तो धोका समजून गाडी उभी करायची. ड्रायव्हरने नियम पाळला. चाकं किंचाळली, गाडी थांबली, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. गार्ड कंदील घेऊन धावत आला. "क्या हुआ? पटरी टूटी है? कोई कटा?"

मी मनगट तोंडात धरून उभा होतो. म्हटलं, "साहेब, काही नाही. उजवीकडे वळतो आहे."

त्यानंतर गार्ड जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. स्टेशन मास्तरांसमोर मला लेखी माफी द्यावी लागली. तीत मी "यापुढे लाईनीजवळ हात दाखवणार नाही" असं लिहून दिलं. यमुनाबाईला ही हकीकत सांगितली तेव्हा ती मोडका हात धरून इतकी हसली की डॉक्टर बघायला आले. मग हसू आवरून म्हणाली, "मिस्त्री, आता पुरे करा. माह्यापायी तुम्ही जेलात जासान." तिने मला एकदाही दोष दिला नव्हता. त्यामुळेच मला पुरे करता येईना.

तिसरी गोष्ट मी शोधली नाही, ती मंडईत सापडली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव एकेक दिवस जत्रा भरते, पाव्हणे येतात आणि दंडार होते. दंडार म्हणजे गावच्याच लोकांनी नाचून गाऊन केलेला खेळ. त्या वेळी तो टेंभ्यांच्या उजेडात चाले, आणि बाईचं काम पुरुष करी. माझ्या सासुरवाडीच्या मंडईत मी सगळ्यांत मागे उभा होतो. बाईच्या वेषातल्या नाच्याच्या अंगात पातळ मलमलीचं घोळदार बाह्यांचं काहीतरी होतं. टेंभा त्याच्या एका बाजूला, पुढे. त्याने हात पसरला आणि ती बाही अशी उजळली की मागच्या रांगेतूनही लख्ख दिसली. नाच्याचं तोंड अंधारात, अंग अंधारात, नुसती बाही पेटलेली. उजेड एका बाजूने पडत होता आणि पातळ कापडातून दोन्हीकडे दिसत होता, आपल्या आकाशकंदिलाच्या कागदासारखा. मी गर्दीतून तसाच पुढे घुसलो आणि खेळ चालू असतानाच नाच्याची बाही हातात घेऊन कापड चाचपू लागलो. लोकांनी मला ओढून बाहेर काढलं. सासरे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचं काम सोपं होतं. सायकलच्या दिव्याला दोन्ही कुशींत बोराएवढी रंगीत काच असते, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. ती कशाला असते हे मला आजही नीट माहीत नाही. मी उजवीकडची हिरवी काच काढून साधी बसवली आणि तिच्या बाहेर घासून चकचकीत केलेला पत्र्याचा एक तुकडा तिरपा डकवला. दिव्याचा थोडा उजेड आता मागे वळून सायकलवाल्याच्या आडव्या हातावर पडू लागला. हातासाठी मलमलीची सैल बाही. कोपराला नाडी, अंगठ्यात अडकवायला फास, खाली वीतभर घोळ. घोळ लोंबून गुंडाळू नये म्हणून भाताच्या पेजेची खळ दिली, आणि पेजेला गोंदियात काय तोटा! ज्या दिव्याने हात झाकला होता, त्याच्याकडूनच मी हातापुरता उजेड काढून घेतला.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी सेठजी फाटकापुढे खुर्ची टाकून बसले. मी डोमाजीला बोलावलं होतं. बाईला ज्यांनी पाडलं तेच बैल मला हवे होते. सेठजींनी त्याला बजावलं, "रोज जैसे चलाते हो वैसे ही चलाना."

डोमाजी म्हणाला, "मंग झोपावं लागन जी."

"तो सो जाओ!"

बंडी लांबून सोडली. यमुनाबाईची पट्टी दोन दिवसांपूर्वी सुटली होती. मी म्हटलं, आज मी चालवतो. ती म्हणाली, "हात माझा आहे, मी दाखवीन." आणि माझ्या हातातून सायकल घेतली. ती निघाली तेव्हा मी सायकलमागे चार पावलं धावलो, हे कबूल करायला आता लाज कसली. पुन्हा काही झालं असतं तर मी गोंदियात तोंड दाखवू शकलो नसतो.

ती फाटकापुढे आली. समोरून बंडी येत होती, बैलांच्या घंटा वाजत होत्या, वर डोमाजी पोत्यांवर आडवा. यमुनाबाईने वेग कमी केला आणि हात काढला. पांढरी बाही अंधारात एकदम फुलली. आणि बैल थांबले. नुसते मंदावले नाहीत, चारी पाय रोवून उभे राहिले. बंडीला हिसका बसला, डोमाजी पोत्यांवरून घसरत पुढे बैलांच्या शेपटांशी आला आणि डोळे उघडून म्हणाला, "घर आलं का जी?"

यमुनाबाई शांतपणे वळून निघून गेली.

बैल का थांबले हे डोमाजीनेच समजावून सांगितलं. वासरू असल्यापासून गुराखी त्यांच्यापुढे हात आडवे पसरून त्यांना अडवतो. आडवा हात म्हणजे थांबायचं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक बैलाला ठाऊक असतं. माणसाला तो हात म्हणजे "तिकडे बघा" वाटतो. विलायतेचा तो छापील कागद गोंदियात आधी बैलांना कळला, माणसांना नंतर. सेठजी उठले, अजून डोळे चोळणाऱ्या डोमाजीकडे पाहून म्हणाले, "मिस्त्री, इसको भी बैलों से सिखवाओ." आणि बाईची सायकल बंद झाली नाही.

पुढे त्या बाहीला बरंच गिऱ्हाईक लागलं. चेकर नेऊ लागले, पोस्टवाले नेऊ लागले. एका नवरदेवाने वरातीसाठी दोन्ही हातांच्या मागितल्या. मी भाव खाल्ला, नाही म्हणत नाही. पण यमुनाबाईचं मनगट पुरतं सरळ झालं नाही. भरलेली बादली तिला त्या हाताने उचलता येत नसे, डाव्याने उचलायची. ते दिसलं की माझा सगळा रुबाब उतरायचा.

लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. त्या आधी आमची दोन मुलं जन्मतःच गेली होती, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुपारपासून तिला कळा सुरू झाल्या, माझा मेहुणा दवाखान्यात निरोप घेऊन गेला आणि मी गावाच्या टोकाला, सासऱ्यांच्या आंगणात उभा राहिलो. तिथून मोठा रस्ता आणि गावाकडे वळणारा फाटा दिसतो. सूर्य गेला, धुकं उतरलं, आतून बायकोचं कण्हणं येत होतं. सासूबाई दर घडीला दारात येऊन विचारायच्या, "आली का जी बाई?" आणि मी "नाही" म्हणायचो. इतकी वर्षं मी लोकांच्या सायकली नीट केल्या, पण त्यांची वाट पाहणारा कसा उभा असतो हे मला कधी माहीत नव्हतं.

मग फाट्यावर दिवा दिसला. दिवा तर कोणाचाही असतो. चेकरचा असेल, सरळ पुढे जाईल. मी आंगणाच्या कडेपर्यंत पुढे गेलो. आणि दिव्याच्या शेजारी पांढरी बाही उमलली, आमच्या गावाच्या बाजूला.

मी ओरडलो, "हात दिसला! बाई वळली!"

सासूबाई आत ओरडल्या, "हात दिसला वो माय!" आतलं कण्हणं थांबलं. दुपारपासून पहिल्यांदा बायकोचा नीट आवाज ऐकू आला. ती म्हणाली, "मंग होते आता."

यमुनाबाई आंगणात उतरली. मी सायकल धरली. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि मिस्त्रीची खोड जात नाही म्हणून, विचारलं, "बाई, फाट्यावर तं कोणी नव्हतं. ना बंडी, ना बैल. हात कोणाले दाखवला?"

ती घाईघाईने बाहीची नाडी सोडत होती. "तुम्हाले," ती म्हणाली. "घरचे लोक फाट्याकडं पाहून राहतात जी. हरेक गावी दाखवावं लागते. तुम्हाले हे माहीतच नव्हतं का?"

तिने बाही माझ्या खांद्यावर टाकली, हात धुवायला पाणी मागितलं आणि आत गेली. त्या संध्याकाळी झालेली माझी मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. पण तेव्हा ते काहीच ठाऊक नसताना, एका हातात सायकल आणि खांद्यावर ती मलमल घेऊन मी आंगणात उभा राहिलो, आणि मला रडू आवरेना.